एका रातीचं सामान

आप्पांच्या शेडवर आजवर तीन पाट्या चढल्या. पहिली होती दूध सोसायटीची. गुरं छावणीत गेली, छावणीतून बाजारात गेली, आणि शेवटी पाटीवरचा दुधाचा कॅन तेवढा भरलेला राहिला. मग त्याच पत्र्यावर पांढरा हात मारून कुक्कुटपालन संस्था लिहिली. त्यातल्या अर्ध्या कोंबड्या उन्हानं संपल्या, अर्ध्या संचालक मंडळानं संपवल्या. आता तिसरी पाटी होती, 'बालाघाट सहकारी पर्यटन संस्था'. खाली हिरवागार डोंगर काढलेला. रंग मात्र पातळ पडला, त्यामुळं डोंगराच्या टोकावर जुन्या कोंबडीचा लाल तुरा दिसायचा. आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, उगवता सूर्य आहे. आश्रुबा म्हणायचा, सूर्य कसला, कोंबडी डोंगरावर चढलीय, अंडं घालायला सावली बघतीय.

बीडजवळच्या पालीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी खडकेवाडी. पावसानं तोंड फिरवलेलं हे लागोपाठ तिसरं साल. अशात आप्पा कुणाच्या तरी लग्नाला पुण्याला गेले आणि तिथं त्यांनी एक नवल बघितलं. चांगल्या घरची, पगारदार माणसं सायकलीवर बोचकी बांधून डोंगर चढतात, वर तंबूत झोपतात, सकाळी उतरून येतात आणि ह्याचे वर पैसे मोजतात. आप्पांच्या डोक्यात लगेच संस्था उभी राहिली. आप्पांच्या डोक्यात दुसरं काही उभंच राहत नसे.

संस्थेची मालमत्ता म्हणजे डोंगरी सायकल, एक नग. टायर ट्रॅक्टरला लाजवतील असे, पण कॅरेज नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही. शेजारची साखराबाई तिच्याभोवती फिरून आली आणि म्हणाली, अजून बनवायची ऱ्हायलीय वाटतं. उद्घाटनाला आप्पा हार घालून सीटवर बसले, आश्रुबानं मागून धरलं. उतार लागला तसं आश्रुबा कानाशी लागून म्हणाला, आप्पा, उजवीकडचं दाबा, घंटी वाजती. आप्पांनी दाबलं. तो पुढचा ब्रेक होता. सायकल जागच्या जागी उभी राहिली आणि चेअरमनसाहेब हारासकट पुढं गेले. फोटो इतका झकास आला की आप्पांनी राग धरला नाही. वर त्यालाच वाटाड्या नेमलं. तसंही वाडीत दुसरं कोण होतं? सोसायटी चालू होती तेव्हा आश्रुबा वर्षानुवर्षं दुधाचे कॅन सायकलीवर घालून पालीच्या रस्त्याला आणायचा. पन्नाशी ओलांडली तरी गुडघे शाबूत होते.

बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, आश्रुबाला हा सगळा खेळ झालाय. खेळ नव्हता. त्याचं सगळं येणाऱ्या शनिवारवर टांगलेलं होतं.

गेल्या हंगामात, तिकडं सांगलीच्या अंगाला, उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढताना सत्यभामेचा पाय सुटला. ती खाली आणि मोळी तिच्यावर. तेव्हापासून वाकली की सरळ व्हायला तिला भिंत लागायची. डॉक्टर म्हणाला, ह्यापुढं वजन उचलायचं नाही. डॉक्टरचं काय जातं? उसाच्या कामातून वजन काढलं तर मागं उरतं काय, पाचट? आणि एकट्या गड्यानं जावं म्हटलं तर तीही सोय नाही. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा असला तर अर्धा कोयता. शहादेव मुकादमाच्या ट्रकात अर्ध्या कोयत्याला जागा नव्हती. तो आश्रुबाला हसत हसतच म्हणाला होता, एका पायाची चप्पल कोणी इकत घेतं का?

म्हणजे गेले तर दोघं, न गेले तर दोघं. आणि न जाऊन खायचं काय, ह्याला आप्पांची संस्था हे एकच उत्तर होतं. शनिवारी पुण्याच्या सायकल क्लबचे दोघं जण डोंगराची वाट बघायला येणार होते. त्यांना पसंत पडलं की पाडव्यापर्यंत दर आठवड्याला वीस-वीस माणसांची टोळी डोंगर चढणार. आश्रुबा वाट दाखवणार, सत्यभामा भाकऱ्या करणार. बसून भाकरी थापायला तिची कंबर अजून चालत होती. मुकादमाचा ट्रक सोमवारी निघणार होता. रविवारी सांजच्याला काय ते सांग म्हणाला.

क्लबनं आप्पांच्या फोनवर सामान बांधायची रीत कळवली होती. आधी सगळं सामान जमिनीवर मांडायचं. मग त्यातलं अर्धं काढून ठेवायचं. उरलेलं तेवढंच बांधायचं.

शुक्रवारी दोघांनी सामान मांडलं. मांडून झाल्यावर उभं राहून बघितलं, तर घरात फक्त भिंती उरल्या होत्या.

"आता ह्यातलं अर्धं काढ," आश्रुबा म्हणाला.

"कुठलं अर्धं काढू? परात काढू का पीठ काढू?"

"दोनी काढ. पुण्याची माणसं वारं खाऊन ऱ्हात्यात म्हणं."

सत्यभामा हसली नाही, खाली बसली आणि बांधायला लागली. आता तिचीही चूक नव्हती. लग्न असो, मयत असो, दोघं जायची ती दिवस मावळायच्या आत घरी यायची. एका रातीसाठी घर सोडायचं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या घरात जाणं म्हणजे दिवाळी झाली की जाणं आणि पाडव्याला येणं. तिच्या हातांना तेवढं एकच जाणं माहीत होतं. ताडपत्री उभी दुमडली, तिच्यात गोधडी, गोधडीत पातेलं म्हणजे वाटंनं वाजत नाही, पातेल्यात पीठ, पिठात चटणीची डबी, मीठ फडक्याच्या टोकाला गाठ मारून, कंदील चिंध्यांत, कोयता पोत्यात गुंडाळून. आणि सगळ्यात वर तवा. कारण कुठंही उतरा, पाचटाची कोप उभी राहायच्या आधी भाकरी लागते.

आश्रुबानं कोयता काढला. तिनं परत घातला. त्यानं कंदील काढला, ती म्हणाली, अंधार काय आप्पा धरून बसणारयत का? मग त्यानं नाद सोडला. खताच्या दोन पोत्यांच्या तिनं पिशव्या शिवल्या होत्या, मधे पट्टा घालून, दोन्ही बाजूंनी लोंबतील अशा. कॅरेज नव्हतं म्हणून त्यानं आपल्या जुन्या दुधाच्या सायकलीचं काढून तारेनं आवळून बसवलं. आता ती सायकल जरा घरंदाज दिसायला लागली.

मग पाणी. डोंगरावर पाझर तलाव होता, आणि आप्पांनी क्लबला त्याचा फोटो पाठवला होता. फोटोत तळं काठोकाठ भरलेलं. आश्रुबानं विचारलं तर म्हणाले, फोटो खोटा हाय का बे? तळं तेच हाय, पाणी तेवढं गेलंय. पुण्याच्या लोकांकडं कसलीशी नळी असते, डबक्यातलं पाणीही गाळून पितात, म्हणून ते पाणी थोडंच आणणार. वर लागणारं तू घेऊन जा म्हणाले. टँकरचं पाणी घरात दोन ड्रम. त्यातल्या एकातून सत्यभामेनं दुधाचा जुना कॅन भरला, गळ्यापर्यंत. पाहुणे आहेत, प्यायला कमी पडलं असं होऊ नये. दुसऱ्या बाजूला एक रिकामा कॅन अडकवला, हात-तोंड धुतलेलं पाणी भरून आणायला. त्या घरात दोन वर्षांत पाणी फेकलं नव्हतं. आंघोळ परातीत बसून, ते पाणी भांड्यांना, भांड्यांचं शेळीला. त्यामुळं रिकाम्या कॅनवर बोलणं झालं नाही. मीठ घेतो तसा घेतला.

शनिवारी सकाळी आश्रुबा सायकल बाहेर काढून शेवटचा घोट चहा प्यायला आत आला, तर चूल शेणानं सारवलेली आणि तिच्यावर भाताचं पातेलं पालथं. वाडीतली माणसं उसाला निघाली की बाई शेवटी असं करते. गेलेली माणसं परत येईपर्यंत ते पातेलं कोणी सुलटं करत नाही. घर मिटलं, एवढाच त्याचा अर्थ.

"सत्यभामे, म्या डोंगरावर चाललोय. सांगलीला न्हाई."

तिनं शेणानं भरलेल्या हाताकडं बघितलं. "सवयीनं हात गेला," ती म्हणाली.

त्यानं पातेल्याकडं हात नेला, तिनं धरला. माणूस वाटंला लागलेला असताना पालथं घातलेलं उचलू नये. साखराबाईकडं खाईन म्हणाली, एका रातीचं तर हाय.

पुण्याचे दोघं वेळेवर आले. एक मृणाल नावाची तिशीची बाई, दुसरा तिच्याच वयाचा दाढीवाला. त्याचं नाव दोनदा सांगून आश्रुबाच्या ध्यानात राहिलं नाही, तेव्हा तो त्याला दाजी म्हणायला लागला. दोघांच्या सायकलींना बघण्यासारख्या पिशव्या होत्या. नळ्यांच्या मधल्या तिकोनात एक, सीटखाली एक, हँडलला वळकटी. मृणालनं हौसेनं समजावलं. जड ते खाली आणि मधे, हलकं ते हँडलवर, आणि पोचल्या पोचल्या जे लागतं ते वर. आश्रुबानं आपला तवा दाखवला. ती इतकी हसली की दाढीवाल्यानं तव्याचा फोटो काढला.

चढ लागला तसं आश्रुबाच्या सायकलीचं पुढचं चाक उचलायला लागलं, बुजलेल्या शिंगरासारखं. सगळं ओझं मागं. दोन वळणांनंतर तो उतरला आणि ढकलायला लागला. तवा खणखणत होता. पुण्याचे दोघं न बोलता त्याच्यासाठी थांबत होते, आणि ते त्याला जास्त लागत होतं. म्हणून त्यानं तोंड चालू ठेवलं. वाटंत एक शेंदूर फासलेला दगड होता. हा पंक्चरचा देव हाय म्हणाला. घंटी न वाजवता पुढं गेलं की वरपर्यंत टायर टिकत न्हाई. दाढीवाल्यानं हँडलवर शोधलं, घंटी कुठं होती? आश्रुबा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, तोंडानं वाजवली तरी चालती. आणि तो शिकलेला, दाढी राखलेला माणूस हात जोडून ट्रिंग ट्रिंग म्हणाला. मृणालला सगळं कळलं होतं. ती तोंड फिरवून हसत होती. आश्रुबाला वाटलं, जमलं. हसलेलं माणूस नाही म्हणत नसतं.

वर तळ्याजागी भेगाळलेली जमीन होती. मृणालनं फोनमधला फोटो बघितला, मग जमीन बघितली.

तळं माहेरी गेलंय ताई, आश्रुबा म्हणाला, पाऊसकाळात येतंय माघारी. ती बरं म्हणाली. आमच्याकडं थोडं आहे पाणी, चालेल म्हणाली. त्यानं कॅन दाखवला, आपल्याकडं भरपूर हाय.

बाकी सगळं त्यांच्या मनासारखं झालं. वारं गार होतं. खाली डोंगराच्या घड्या, लांब बिंदुसरेच्या धरणाची कोरडी वाटी उन्हात चमकत होती, पाणीच असल्यासारखी. आश्रुबाची बिडी संपायच्या आत त्यांचे तंबू उभे राहिले. दाढीवाल्यानं माळ पावलांनी फिरून बघितला आणि म्हणाला, इथं वीस तंबू आरामात बसतील. आश्रुबानं दुसरी बिडी पेटवली. सत्यभामा त्याला दिसायला लागली, शेडच्या सावलीत पाट घालून बसलेली, पुढ्यात परात, पाठीला भिंत.

ऊन होतं तोवरच जेवण उरकलं. त्यानं आधी दोघांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, तांब्या भरून दिला. मग भाकरी, चटणी, भाजलेल्या मिरच्या. पुण्याची माणसं पोटभर जेवली. मग त्यानं परात पुढं सरकवली आणि तिच्यावर दोघांना हात धुवायला लावले. मृणालकडं साबणाची इवलीशी बाटली होती, दोघांनी फेस काढून हात धुतले. आश्रुबा बोलतच होता. आप्पा सायकलीवरून कसे गेले ते सांगत होता. सांगता सांगता त्यानं परात उचलली, रिकाम्या कॅनच्या तोंडाला फडकं लावलं आणि ते पाणी हळूहळू आत ओतलं. एक थेंब सांडला नाही. झाकण लावलं.

हसता हसता मृणाल थांबली. "काका, हे पाणी कशाला भरताय?"

"शेळीला."

"टँकर कधी येतो तुमच्याकडे?"

आता आश्रुबा जन्माचा थापाड्या. चालत्या माणसाची टोपी बोलण्यात उतरवणारा. पण हा प्रश्न असा काही आडून आला की तो प्रश्न आहे हेच त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याचं निम्मं मन अजून आप्पांच्या हारात होतं. तो म्हणाला, "आला तर आठ रोजाला. न्हाई तर न्हाई."

"आणि हा भरलेला कॅन?"

"घरच्या ड्रमातला."

तिच्या हातात तांब्या होता, अर्धा भरलेला. तिनं तो दोन्ही हातांनी खाली ठेवला.

मग ते दोघं तंबूपाशी जाऊन हळू आवाजात बोलले, बरंचसं इंग्रजीत. त्यातलं वॉटर आणि ट्वेंटी पीपल एवढंच आश्रुबाला कळलं. तेवढं पुरलं. परत येऊन ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"काका, वीस माणसं आणून आम्ही तुमच्या घरातलं पाणी प्यायचं. असं नाही करता येणार. पाऊस झाला की नक्की येऊ."

तो घाईनं बोलायला लागला. पाणी लई हाय, आमी हे गमतीनं भरतो, शेळीला फेसाचं पाणी आवडतं. आयुष्यभर खोटं बोलून त्यानं माणसं नाचवली होती. आज खरी गरज पडली तेव्हा एकही थाप चालली नाही. मग म्हणाला, तुमचं पाणी तुमी गाडीत घेऊन या. पायथ्याला ठिवा, म्या वर आणतो. त्यावर ती म्हणाली, आणि तुम्ही ठणठणाटात बसलेले असताना तुमच्यासमोर ते प्यायचं? तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आश्रुबाला त्याचाच राग आला. वाईट माणूस असतं तर चार शिव्या हासडून मोकळा झाला असता. ह्या पोरीला काय म्हणायचं?

सकाळी खाली आप्पा दोन हार घेऊन उभे होते. मृणालनं हार घेतला नाही, पण आप्पांना सगळं आदबीनं सांगितलं. आप्पा म्हणाले, काय हरकत न्हाई, पाऊस पडला की या.

आश्रुबा सायकलीचं कॅरेज सोडत होता. मान वर न करता म्हणाला, "पाऊस पडल्यावर आमाला ह्यांची काय गरज?"

निघताना मृणालनं त्याला आपले दोन लवचिक पट्टे दिले, दोन्ही टोकांना आकडे असलेले. सामान घट्ट बसतं म्हणाली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तसं आप्पांनी पाटीकडं बघितलं. आपल्याकडं ऊन मात्र चिक्कार हाय, म्हणाले. उन्हाची काय संस्था निघती का, बीडला इचारून बघतो.

सत्यभामा दारात बसली होती. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. उठताना चौकटीला धरलं, कॅन घेतला आणि पाणी शेळीच्या घमेल्यात ओतलं. शेळीनं तोंड घातलं, हुंगलं, शिंकली आणि मागं सरली. पाण्याला पुण्याच्या साबणाचा वास होता, फुलाबिलाचा. ह्या शेळीनं आजवर कशाला नाही म्हटलं नव्हतं. तिनं शेडचा चुना चाटला होता, आप्पांच्या सत्काराचा हार खाल्ला होता. ह्या पाण्याला मात्र ती शिवली नाही. सत्यभामेनं घमेलं पुढं सरकवलं, शेळी आणखी मागं. आश्रुबा बघत उभा राहिला. एरवी अशा गोष्टीवर त्यानं वाडी महिनाभर हसवली असती.

शेवटी साखराबाई ते पाणी सारवायला घेऊन गेली.

आत येऊन आश्रुबानं चुलीवरच्या पातेल्याला हात लावला. आता तो परत आला होता. आता उचलायला हरकत नव्हती.

"ऱ्हाऊ द्या," सत्यभामा म्हणाली. "उद्या परत पालथंच घालायचंय."

सांजच्याला त्यानं शहादेवला होकार कळवला. रात्री दोघांनी साखराबाईकडंच खाल्लं आणि शेळीही तिच्याच दावणीला बांधली.

सोमवारी ट्रक आला तेव्हा बाकीच्या घरांतून अजून डबे-बोचकी बाहेर येत होती. आश्रुबाचं सामान तेवढं दारात तयार. ताडपत्री, गोधड्या, खताच्या पोत्यांच्या पिशव्या, वरून आकड्यांचे दोन पट्टे आवळलेले.

"आश्रुबा, तुमचं तर कवाच बांधून झालंय की," मुकादम म्हणाला.

"एका रातीचं बांधलं होतं, मुकादम. रात जरा लांबली."

मुकादम खदखदून हसला. ट्रकातली माणसंही हसली. आश्रुबानं सामान वर चढवलं, मग वाकून दोन्ही हात दिले. सत्यभामेनं एक पाय चाकावर ठेवला, दुसऱ्याला जोर लावला, मधेच थांबली. ओठ आवळले. मग दोघा गड्यांनी तिला खालून पोत्यासारखं उचललं आणि वर घेतलं. तो तिला बोचक्यांना टेकवून बसवायला लागला तसा तिनं त्याचा हात बाजूला केला आणि मान वळवून सामान चाचपलं.

"तवा वर ठिवला का?"

"वरच हाय," आश्रुबा म्हणाला.

ट्रक शेडवरून गेला. आप्पांचा गडी शिडीवर चढून पाटीला पांढरा हात मारत होता. डोंगर निम्मा गेला होता.